ड्युएथ्लॉन: पहिली धाव जोरात की राखून?
स्प्रिंट ड्युएथ्लॉन म्हणजे ५ किमी धाव, २० किमी सायकल आणि पुन्हा २.५ किमी धाव. पहिली धाव जीव तोडून मारली तर थोडी आघाडी मिळते, पण सायकलवर ती बहुतेकदा विरघळते. धापा टाकत पेडल मारताना मांड्या भरून येतात आणि शेवटच्या धावेत पाय उचलत नाहीत. नुसत्या ५ किमी शर्यतीतल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे १०-१५ सेकंद हळू धावणारा मात्र सायकलवर बसताच जोर लावू शकतो. हौशी स्पर्धकाने हेच करावं, असं माझं मत. (सुरुवातीला लोक पुढे जातात, ते बघवत नाही, तो भाग वेगळा!) ड्राफ्टिंगला (दुसऱ्याच्या मागे चिकटून, त्याच्या आडोशाने सायकल चालवायला) परवानगी असेल तर गणित उलटतं: पहिल्या धावेत पुढचा घोळका गाठायला केलेली दमछाक सायकलवर एकट्याने वारा कापण्यापेक्षा स्वस्त पडते.