‘रिलेशनशिप ऑफ कमांड’ची एलपी : दुभंगण्याआधीचा आवाज

‘अ‍ॅट द ड्राइव्ह-इन’ या पोस्ट-हार्डकोअर (पंक रॉकमधून निघालेल्या, आक्रमक शैलीच्या) बँडचा हा अल्बम मी कॉलेजात असताना मित्राने उतरवून दिलेल्या सीडीवर ऐकला होता. आता त्याची एलपी, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरवर वाजणारी मोठी तबकडी, मुंबईतल्याच एका दुकानातून घेतली. पहिली प्रत कडेला वाकलेली निघाली आणि सुई प्रत्येक फेऱ्यात उचलली जाऊ लागली. दुकानदाराने दुसऱ्याच दिवशी ती बदलून दिली, तरीही दुकानातच तबकडी डोळ्यांसमोर आडवी धरून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन.

टेक्सासमधल्या एल पासो गावची ही मुले १९९४ च्या सुमारास एकत्र आली, व्हॅनमधून गावोगाव हिंडली, आणि २००० साली आलेल्या या तिसऱ्या अल्बमने एकाएकी जगभर पोहोचली. निर्माता रॉस रॉबिन्सनने त्यांच्याकडून जीव तोडून गाऊन-वाजवून घेतले आहे. सुरुवातीच्या खुळखुळ्याच्या ठेक्यावर ड्रम कोसळतात, तेव्हा पंचवीस वर्षांनंतरही माझ्या अंगावर काटा येतो. सेड्रिक बिक्स्लर मुख्य आवाज लावतो आणि जिम वॉर्ड ओळीचे टोक पकडून ओरडतो. पोवाड्यात झीलकऱ्यांनी शाहिराला उचलून धरावे, तसेच हे नाते आहे.

‘इनव्हॅलिड लिटर डिपार्टमेंट’ हे गाणे मात्र शांतपणे, एकट्याने ऐकावे. एल पासोच्या समोर, नदीपलीकडे, मेक्सिकोतले सिउदाद हुआरेझ शहर आहे, आणि तिथे १९९० च्या दशकात एकामागून एक झालेल्या स्त्रियांच्या हत्या हा या गाण्याचा विषय आहे. कडवी जवळजवळ बोलल्यासारखी येतात, गिटार दबकत चालते आणि मग सगळा बँड एकदम उसळतो. ज्यांच्या मृत्यूची यंत्रणेने धड दखलही घेतली नाही, त्यांच्यासाठी हा आक्रोश आहे.

जानेवारी २००१ मध्ये सिडनीच्या महोत्सवात श्रोते एकमेकांवर आदळू लागले, तेव्हा बिक्स्लरने त्यांना खडसावले आणि तीन गाण्यांनंतर बँड मंचावरून उतरला. त्याच दिवशी, त्याच महोत्सवात, पुढच्या एका कार्यक्रमाच्या गर्दीत चिरडलेली एक मुलगी नंतर दगावली. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरची २०१७ ची चेंगराचेंगरी ज्या शहराने पाहिली, तिथल्या श्रोत्याला त्याचा तो राग आततायी वाटणार नाही. दोन महिन्यांत, मार्चमध्ये, सततच्या दौऱ्यांनी थकलेला बँड थांबला. बिक्स्लर आणि गिटारवादक ओमार रॉड्रिगेझ ‘द मार्स व्होल्टा’ या नव्या बँडकडे वळले, तर उरलेल्या तिघांनी ‘स्पार्टा’ हा बँड उभा केला.

ही फूट मला याच तबकडीवर ऐकू येते. हेडफोन लावून दोन गिटारींकडे लक्ष द्या : वॉर्डची गिटार गाण्याला घट्ट आवळून धरते आणि रॉड्रिगेझची सारखी दावे तोडून बाहेर पळते. त्या ओढाताणीतूनच हे संगीत घडले आहे. दोष म्हणायचा तर आवाज फार ठासून भरलेला आहे. लहान स्पीकरवर गिटारी एकमेकींत मिसळतात आणि पॉल हिनोहोसचा बेस हरवतो. मोठे स्पीकर असतील तरच एलपीवर पैसे घाला, नाहीतर सीडीच बरी. लाकडी घोड्याच्या चित्राचे वेष्टन मात्र देखणे आहे, फक्त पावसाळ्यात ते भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवा.