मोजपट्टीच्या टेपपासून जोडलेली यागी अँटेना: उन्हाळा आणि पावसाळा पाहिल्यानंतरचा अनुभव

पाच वॅटचा हातातला संच आणि त्याच्यासोबत आलेली रबरी अँटेना एवढ्याच भांडवलावर हौशी रेडिओत पाऊल ठेवणाऱ्याने पुढचा खर्च कशावर करावा, या प्रश्नाचे माझे उत्तर आता पक्के झाले आहे. तो खर्च अधिक वॅटच्या संचावर करू नये. दिशिक, म्हणजे एकाच दिशेला जोर देणाऱ्या, अँटेनेवर करावा, आणि ती अँटेना शक्यतो स्वतःच्या हातांनी जोडावी. भर उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत पुण्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, सिंहगडावर आणि अधूनमधून शहराबाहेरच्या माळरानावर मी ही अँटेना वापरली आहे, आणि पुढील मते त्या वापरातून बनलेली आहेत.

अँटेना यागी-उदा प्रकारची आहे. जपानमधील सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास मांडलेली ही रचना आजही जवळजवळ त्याच स्वरूपात वापरली जाते, कारण तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. केबल फक्त एका दांडीला, म्हणजे ड्रिव्हन एलिमेंटला जोडलेली असते. तिच्या मागे किंचित लांब रिफ्लेक्टर आणि पुढे किंचित आखूड डायरेक्टर असतो. या दोन्ही दांड्यांना कोणतीही तार जात नाही, तरी त्यांच्यात प्रेरित होणारा प्रवाह आपली लहर अशा वेळेच्या फरकाने परत सोडतो की पुढच्या दिशेला बेरीज आणि मागच्या दिशेला वजाबाकी होते. तीन एलिमेंटच्या यागीतून साध्या डायपोलपेक्षा, म्हणजे मध्ये केबल जोडलेल्या एकट्या दांडीपेक्षा, सुमारे ५ डेसिबल अधिक मिळतात, म्हणजे पाच वॅटचा संच पुढच्या दिशेला पंधरा वॅटच्या संचासारखा ऐकू येतो. शिवाय हाच लाभ ऐकतानाही मिळतो, आणि तो कोणत्याही पॉवर ॲम्प्लिफायरकडून मिळत नाही.

स्टीलच्या मोजपट्टीचा टेप आणि पीव्हीसी पाइप यांची ही रचना जगभर परिचित आहे, परंतु तिचे प्रचलित आराखडे अमेरिकेतील आहेत आणि ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या वरच्या भागासाठी आखलेले आहेत. भारतात हौशी रेडिओला मिळालेला दोन मीटरचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ असल्यामुळे अंतिम जुळणी आपल्यालाच करावी लागते. टेप रुंद असल्यामुळे अँटेनेचा पट्टाही रुंद राहतो, हे येथे उपयोगी पडते. माझ्या अँटेनेत रिफ्लेक्टर १०५ सेंटिमीटर, डायरेक्टर सुमारे ९० सेंटिमीटर आणि ड्रिव्हन एलिमेंटचा प्रत्येक अर्धा भाग सुमारे ४५ सेंटिमीटर आहे. रिफ्लेक्टर ते ड्रिव्हन अंतर २० सेंटिमीटर आणि तेथून डायरेक्टरपर्यंतचे अंतर साधारण ३२ सेंटिमीटर आहे. पंचवीस मिलिमीटर रुंदीचा पाच मीटरचा एक टेप, अर्धा इंची पीव्हीसी पाइप, दोन क्रॉस, एक टी आणि सहा जुबली क्लिप एवढे सामान कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि कोॲक्स केबल सोडली तर सगळे हजार रुपयांच्या आत बसते. टेपची सुरुवातीची काही सेंटिमीटर सतत वापरामुळे दुमडलेली असतात, म्हणून तेवढा भाग सोडून द्यावा. पत्रा कापायच्या कात्रीने टेप कापल्यावर त्याच्या कडा ब्लेडइतक्या धारदार होतात, त्यामुळे कोपरे गोल करून त्यांवर लगेच इन्सुलेशन टेप गुंडाळणे आवश्यक आहे. गच्चीवर मुले असतील तर हे विसरून चालणार नाही.

जोडणीतील खरे काम टेप कापण्याचे नसून सोल्डरिंगचे आहे. टेपवरचा पिवळा रंग पॉलिश पेपरने पूर्ण घासून खालचे चकचकीत स्टील दिसल्याशिवाय सोल्डर धरत नाही, आणि नुसते दिसूनही भागत नाही. त्यावर फ्लक्स लावून आधी सोल्डरचा पातळ थर चढवावा लागतो. छोट्या सर्किटसाठी वापरतो ती २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न येथे अपुरी पडते, कारण टेप उष्णता झपाट्याने खेचून घेतो. साठ वॅटची सोल्डरिंग आयर्न घेतल्यावर सांधा स्वच्छ बसला. तिन्ही एलिमेंट जवळ असल्यामुळे ड्रिव्हन एलिमेंटचा रोध ५० ओहमपेक्षा बराच खाली येतो; तो जुळवण्यासाठी दोन अर्ध्या भागांमध्ये यू आकारात वाकवलेली, सुमारे साडेबारा सेंटिमीटर तारेची हेअरपिन जोडायची असते. हेअरपिन हे प्रेरक, म्हणजे कॉइलसारखे वागणारे, असल्यामुळे तिला तोलून धरायला ड्रिव्हन एलिमेंट मुद्दाम थोडे आखूड ठेवलेले असते. हे कारण माहीत नसले की लोक ते एलिमेंट ‘बरोबर’ अर्ध्या तरंगलांबीचे करतात आणि मग एसडब्ल्यूआर (अँटेनेकडून किती शक्ती परत फिरते हे सांगणारा आकडा; एकच्या जितका जवळ तितका चांगला) कोणत्याच उपायाने खाली येत नाही. नवख्या माणसाला आराखडा देताना मी आता आधी हे समजावून सांगतो.

मोजणी करताना अँटेना जमिनीवर ठेवू नये आणि भिंतीकडेही रोखू नये. ती आकाशाकडे तोंड करून, शरीरापासून दूर धरावी. जुबली क्लिप थोड्या सैल करून ड्रिव्हनचे दोन्ही भाग सारखेच आतबाहेर सरकवले की एसडब्ल्यूआरचा तळ हवा तेथे आणता येतो. नॅनोव्हीएनएसारखे अँटेना मोजणारे स्वस्त उपकरण हाताशी असेल तर पूर्ण वक्र एका दृष्टीत दिसतो. ते नसेल तर साधा एसडब्ल्यूआर मीटरही पुरेसा आहे. माझ्याकडे १४५.८ मेगाहर्ट्‌झला १.३ च्या आत आकडा आला आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांनाही तो दीडच्या वर गेला नाही.

याच पाइपवर काटकोनात मी ७० सेंटिमीटर पट्ट्यासाठी पाच एलिमेंटची दुसरी यागी बसवली. तिच्यासाठी गॅस वेल्डिंगच्या पितळी कांड्या वापरल्या, कारण पितळ सोल्डरला सहज धरते आणि ४३७ मेगाहर्ट्‌झला अर्धी तरंगलांबी जेमतेम ३४ सेंटिमीटर असल्यामुळे कांडी वाकत नाही. येथे ड्रिव्हन एलिमेंट इंग्रजी J आकारात वाकवून कोॲक्स थेट जोडला आहे, त्यामुळे वेगळी जुळणी करावी लागली नाही. मात्र या वारंवारतेला दोन मिलिमीटरचा फरकही मीटरवर दिसतो, तेव्हा भोके पाडताना घाई करू नये. दोन अँटेना एकमेकींना काटकोनात असल्या की एकीचा दुसरीवर जाणवण्याइतका परिणाम होत नाही.

केबलविषयी मला आग्रहाने सांगायचे आहे. आरजी ५८ ही बारीक कोॲक्स केबल दोन मीटरच्या पट्ट्यात शंभर मीटरमागे सुमारे २० डेसिबल गिळते, म्हणजे गच्चीवरून दोन मजले खाली पंचवीस मीटर केबल नेली तर यागीने मिळवून दिलेले पाचही डेसिबल वाटेत संपतात. अँटेना हातात धरून दीड मीटर केबलने संच जोडला तर हा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र जाड केबलच्या वजनाने हातातल्या संचाचे अँटेना जोडायचे एसएमए सॉकेट हळूहळू सैल होते. म्हणून केबल पाइपच्या मुठीला बांधून टाकावी आणि संचाकडे फक्त एक मऊ वळण सोडावे.

आता प्रत्यक्ष वापराकडे येतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून १४५.८०० मेगाहर्ट्‌झवर वेळोवेळी चित्रे आवाजाच्या रूपात प्रक्षेपित होतात आणि एरिस हा हौशी रेडिओचा आंतरराष्ट्रीय उपक्रम त्यांची आगाऊ सूचना देतो. स्थानक डोक्यावर असताना ते साधारण ४१० किलोमीटरवर असते, तर क्षितिजावर उगवताना तेच अंतर सव्वादोन हजार किलोमीटरच्या घरात जाते. या दोन स्थितींत संकेताच्या ताकदीत सुमारे १५ डेसिबलचा फरक पडतो. रबरी अँटेनेवर मला मधली दोनतीन मिनिटेच काय ती ऐकू यायची. यागीवर स्थानक क्षितिजापासून थोडे वर आले की ऐकू येऊ लागते आणि दहा मिनिटांचा फेरा जवळजवळ पूर्ण पकडता येतो. पीडी १२० या पद्धतीत एक चित्र दोन मिनिटांहून किंचित अधिक वेळ घेते, त्यामुळे एका फेऱ्यात दोन, क्वचित तीन चित्रे अखंड मिळतात. फोनवर ओळीओळीने चित्र उतरत असताना मनगट थोडे फिरवले की खरखरीचा पट्टा येतो आणि परत फिरवले की ओळी पुन्हा स्वच्छ होतात. ध्रुवण (लहर उभी कंप पावते की आडवी) म्हणजे काय हे मला या एका अनुभवाने जितके समजले तितके वाचून समजले नव्हते. आपल्या दृष्टीने स्थानकाच्या अँटेनेचा कोन सतत बदलतो, आणि आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, येताना लहरीचे प्रतलही फिरते, त्यामुळे हातात धरलेली अँटेना येथे स्टँडवर बसवलेल्या अँटेनेपेक्षा सरस ठरते.

अचूक रोख धरण्याची चिंता मात्र करू नये. तीन एलिमेंटच्या यागीचा झोत जवळपास ६० अंश रुंद असतो. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांत एक अंशाचाही फरक नसल्यामुळे फोनमधल्या होकायंत्राचा आकडा जसाच्या तसा घेतला तरी चालतो.

दोन्ही पट्ट्यांचा एकत्र वापर हा या अँटेनेचा सर्वात कठीण आणि सर्वात समाधान देणारा भाग आहे. स्थानकावरील रिपीटर, म्हणजे ऐकलेले दुसऱ्या वारंवारतेवर पुन्हा प्रक्षेपित करणारा संच, ६७ हर्ट्‌झच्या टोनसह १४५.९९० वर ऐकतो आणि ४३७.८०० वर बोलतो. २००२ साली सोडलेला एसओ ५० हा छोटा उपग्रहही १४५.८५० वर ऐकून ४३६.७९५ वर बोलतो. एका संचाने बोलावे आणि दुसऱ्याने आपलाच आवाज परत येताना ऐकावा, ही येथील शिस्त आहे, कारण स्वतःला ऐकू येत नसताना बोलत राहणे म्हणजे इतरांचा फेरा वाया घालवणे होय. अडचण अशी की १४५.९९० ची तिसरी पट ४३७.९७० येते आणि ती रिपीटरच्या वारंवारतेला अगदी खेटून आहे. त्यामुळे बोलण्याचे बटण दाबताच माझा ऐकणारा संच बहिरा होत असे. ४३७ च्या यागीच्या केबलवर हाय-पास फिल्टर (फक्त वरच्या वारंवारता जाऊ देणारी गाळणी) बसवून आणि दोन संच एकमेकांपासून हातभर दूर ठेवून हा त्रास बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. स्वस्त संचाच्या प्रक्षेपणात ही तिसरी पट पुरेशी दाबलेली नसते; ती संचातूनच बाहेर पडते, तेव्हा दोन मीटरच्या केबलवर लो-पास फिल्टरही लावणे इष्ट. शिवाय डॉप्लरमुळे, म्हणजे उपग्रहाच्या वेगाने वारंवारता बदलल्यामुळे, ४३७ मेगाहर्ट्‌झला फेऱ्याच्या सुरुवातीला संकेत सुमारे १० किलोहर्ट्‌झ वर आणि शेवटी तितकाच खाली सरकतो. पाच किलोहर्ट्‌झच्या अंतराने पाच मेमरी आधीच भरून ठेवल्या की धावपळ होत नाही.

जमिनीवरील संपर्कांत मला या अँटेनेची पुढची बाजू जितकी आवडली तितकीच, किंबहुना अधिक, तिची मागची बाजू आवडली. ही रचना दिशाशोधनाच्या, म्हणजे लपवलेला प्रक्षेपक शोधून काढण्याच्या, खेळासाठी गाजली, कारण तिच्या मागून येणारा संकेत अतिशय क्षीण होतो. आमच्या गच्चीवर लिफ्टच्या नियंत्रण पेटीतून येणारा गोंगाट दुबळे आवाज गिळून टाकत असे. अँटेनेची पाठ त्या खोलीकडे केली की तोच आवाज समजण्याइतका वर येतो, मग पुढची दिशा नेमकी जुळलेली नसली तरी चालते. सिंहगडावर प्रक्षेपण मनोरा असल्यामुळे स्वस्त संच मोठ्या अँटेनेवर गुदमरतात आणि सगळीकडे भलतेच आवाज ऐकू येतात. तेथेही मनोऱ्याकडे पाठ करून उभे राहणे हाच पहिला उपाय आहे. पुण्यातून सह्याद्रीच्या रांगेपलीकडे थेट जाता येत नसेल तर समोरच्या उंच डोंगरावर रोख धरून परावर्तनाने संपर्क होतो का, हेही पाहावे. माझा अनेकदा झाला आहे. एफएमवरच्या संपर्कांसाठी एलिमेंट उभी आणि एसएसबी या दुसऱ्या प्रक्षेपण पद्धतीसाठी आडवी धरावीत. उलट धरल्यास वीस डेसिबलपर्यंत नुकसान होऊ शकते, म्हणजे अँटेनेचा सगळा लाभ त्यात बुडतो.

टिकाऊपणाबाबत मत संमिश्र आहे. पहिल्याच पावसात साध्या लोखंडी क्लिपा गंजल्या, त्यामुळे आता सगळ्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत. टेपचा रंग मधल्या भागाला वाचवतो, पण कापलेल्या कडांवर गंज धरतो. तेथे नेलपेंटचा पारदर्शक थर पुरेसा ठरला. सोल्डरच्या सांध्यावर एम-सील लावण्यापूर्वी मोजणी पूर्ण करून घ्यावी. वाऱ्यात टेप फडफडतो आणि दुमडतो, एसडब्ल्यूआर खालीवर होतो, म्हणून ही अँटेना खांबावर कायमची बसवण्याच्या योग्यतेची मुळीच नाही. ज्यांना तसे करायचे असेल त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्या घ्याव्यात, आणि एलिमेंट उभी ठेवायची असतील तर वरचा खांब लोखंडाऐवजी बांबूचा किंवा फायबरचा घ्यावा, कारण एलिमेंटला समांतर असलेला धातूचा खांब झोत बिघडवतो. उलट हाच लवचिक टेप गाडीच्या डिकीत दुमडून जातो, झाडीतून चालताना फांदीला अडला तरी मोडत नाही आणि सोडला की पुन्हा सरळ होतो. गच्चीजवळून विजेच्या उघड्या तारा जात असतील तर तेथे मीटरभर लांबीची ही धातूची पट्टी हातात घेऊन उभेच राहू नये.

पुढचा बदल ठरलेला आहे. ४३७ च्या बाजूला आणखी दोन डायरेक्टर लावायचे आहेत आणि त्यासाठी पाइप पुढे वीसपंचवीस सेंटिमीटर वाढवावा लागेल. तेवढ्याने तोल पुढे जाईल, म्हणून मुठीच्या मागच्या पाइपमध्ये वाळू भरून टोपण लावावे असा विचार आहे. रिफ्लेक्टरच्या मागे असल्यामुळे त्याचा झोतावर परिणाम होणार नाही, आणि दहा मिनिटांच्या फेऱ्यात हात भरून येण्याची तक्रारही कमी होईल.