घडीचा मासे-पिंजरा: मढच्या खडपावर एक हंगाम वापरून

छत्रीसारखा उघडणारा, दोन्ही बाजूंना आत निमुळती होत गेलेली तोंडं. ऑक्टोबर ते मे मुंबईतल्या मढला, मावसभावाच्या होडीतून टाकला. चिंबोऱ्यांसाठी पैसे वसूल. माशांचं म्हणाल तर सगळं जागेवर आहे.

खडपाला, म्हणजे किनाऱ्याच्या खडकाला लागून, भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या दिवसांतल्या) पाण्यात रात्रभर ठेवला की सकाळी ओढताना मजा येते: हेकरू, लहान तांब, वाम, कधी नशिबाने शेवंड. तिथून थोडं बाजूला, चिखलात टाका; आमिष तेच, बांगड्याची डोकी, पण येतात फक्त चिंबोऱ्या आणि शिंगाळ्या. शिंगाळीचा काटा जाळीत असा अडकतो की जाळीच कापावी लागते, आणि हाताला लागला तर दिवसभर ठणका. उधाणाला टाकूच नका. आपल्याकडे मोठ्या भरतीला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, हलका पिंजरा लोळत जातो. मी आत दोन विटा बांधल्या.

तरंगत्या बोयाच्या दोराला नारळाच्या झावळ्या बांधून त्याखालीही लावून पाहिला. झावळ्यांच्या सावलीत बारकी पिल्लं थव्याने फिरताना वरून दिसायची, पण ती वरच्या पाण्यातली, तळाच्या पिंजऱ्याकडे बघतसुद्धा नाहीत. जाहिरातीतलं 'सर्व प्रकारचे मासे' म्हणूनच थापा आहेत. पापलेट-सुरमई यात येणार नाही. आलं ते माकूल (कटलफिश), तेही अंडी घालायला! जाळीला अंड्यांचे घोसच्या घोस चिकटलेले. तो पिंजरा तसाच पाण्यात राहू दिला. कर्नाटकात माकूल धरायला अशाच झावळ्या सोडतात, त्यावरून तिथे भांडणं झाली आहेत, ती का हे तेव्हा कळलं: अंडी घालायला आलेलं माकूलच धरलं जातं.

तक्रारी: दाराची चेन (झिप) दोन महिन्यांत गंजून बसली. चिंबोरीने नांगीने जाळी कातरली. आस, म्हणजे जाळीची भोकं, इतके बारीक की बोटभर हेकरूही सुटत नाही. राज्याने 2023 मध्ये 54 जातींसाठी धरायचा किमान आकार ठरवला, विकणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही. मी बाजूला दोन बोटांची फट ठेवली, पिल्लं निघून जातात. चेनीच्या जागी सुती दोरी बांधली: दोर तुटून पिंजरा तळाला राहिलाच, तर ती कुजते आणि दार उघडतं. नायलॉन असेल तर आत मासे अडकून मरत राहतात.

घ्यायचाच तर जाड तारेचा, मोठ्या आसाचा, बिनचेनीचा बघा. महाग पडेल, पण दोन हंगाम तरी निघतील.