नव्या पेठेतलं हॉकीवाल्यांचं चहाचं हॉटेल : पाचपैकी साडेचार

सोलापुरात हॉकीची मॅच चार लोकांत बसून बघायची असेल तर सध्या मला तरी ही एकच जागा माहितीये. बाकी कुठंही जा, टीव्हीवर क्रिकेट नाहीतर बातम्या, आणि हॉकी लावता का म्हटलं की आधी नाहीच म्हणतात. इथं म्हणावं लागत नाही. भारताची मॅच असली की मालक स्वतः मोबाईल टीव्हीला जोडून ठेवतात, पोरांची असो नाहीतर पोरींची, ज्युनिअर असली तरी. ह्यासाठीच मी एवढा मोठा रिव्ह्यू लिहितीये.

आधी खाण्याचं सांगते. चहा कडक आणि आलं भरपूर, गोड जरा जास्त असतो पण कमी साखर सांगितलं तर वेगळा करून देतात. मिरची भजी गरम मिळाली तरच घ्या, गार झाली की तेल सुटतं. संध्याकाळी कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही अशी प्लेट असते ती मात्र चुकवू नका, चटणी घरची आहे, काकू करतात, तेल सुटलेली आणि लसणाची, आमच्या घरी पण आता तिथूनच पाव किलो येते. सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) सकाळीच संपतो.

काउंटरवर काकू बसतात त्यामुळे बाईमाणसाला बसायला अजिबात अवघड वाटत नाही. मी मुलीला घेऊन जाते, ती शाळेच्या टीमकडून खेळते, मातीवर. सुरवातीला कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचो, आता आम्हाला टीव्हीसमोर जागा धरून ठेवतात.

आता खरा विषय. इथं जी मंडळी जमतात त्यांचा वाद कधी संपत नाही आणि वाद एकच, टीमला कोच कोण पाहिजे. गेल्या जूनपासून तर फारच पेटलंय. जून २०२५ मध्ये प्रो लीगला (वरच्या देशांची आंतरराष्ट्रीय हॉकी लीग) युरोपात आपली पुरुषांची टीम लागोपाठ सात मॅच हरली आणि त्याच महिन्यात पोरी टेबलात शेवटच्या नंबरावर जाऊन प्रो लीगमधून बाहेर पडल्या, खालच्या नेशन्स कपात गेल्या. त्या दिवशी हॉटेलात इतका आवाज होता की मालकांनी टीव्ही म्यूट केला तरी कुणाला कळलं नाही.

एक गट अण्णांचा. अण्णांचं म्हणणं कोच देशीच पाहिजे. "क्वार्टर संपल्यावर दोन मिनिटं मिळतात बे, तेवढ्यात पोरींना इंग्लिशमधनं काय कळणार, तो काय बोलूलालाय ते समजायलाच एक मिनिट जातंय." हरेंद्र सिंग त्यांचे आवडते, आणि त्यात दम आहे, २०१६ ला लखनौमध्ये ज्युनिअर वर्ल्डकप त्यांनीच जिंकून दिला, आणि नोव्हेंबर २०२४ ला राजगीरमध्ये महिलांची एशियन चॅम्पियन्स ट्रॉफी पण, फायनलला चीनला १-० हरवून. पण पुढच्याच जूनमध्ये प्रो लीगची ती गत झाली, सप्टेंबरला आशिया कपच्या फायनलला चीननेच ४-१ ने हरवलं आणि डिसेंबरच्या सुरवातीला वैयक्तिक कारण देऊन हरेंद्र सिंगांनी महिलांच्या कोचपदाचा राजीनामा दिला. अण्णा त्या दिवशी चहा न पिता गेले.

दुसरा गट रेल्वेतून रिटायर झालेल्या काकांचा. काका स्वतः खेळलेले आहेत त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं असतं. त्यांना बाहेरचाच कोच पाहिजे आणि नाव पण ठरलेलं, टोकियो ऑलिम्पिकला पोरींचा कोच असलेला डच शोर्ड मारिन. जानेवारी २०२६ ला तोच महिलांच्या टीमकडे परत आला तेव्हा काकांनी सगळ्यांना चहा पाजला. गंमत म्हणजे ह्या दोघांची अदलाबदल आधी पण झालेली आहे, मे २०१८ ला मारिनला पुरुषांकडून महिलांकडे पाठवलं आणि हरेंद्र सिंगांना महिलांकडून पुरुषांकडे. म्हणजे आठ वर्षांनी पण आपल्याकडे हीच दोन नावं फिरतायत.

मग कॉलेजची पोरं असतात, त्यांना सगळीकडे आपला माजी गोलकीपर श्रीजेश पाहिजे. त्याच्या कोचिंगखाली ज्युनिअर टीमने डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नईला वर्ल्डकपचं ब्राँझ घेतलं तेव्हापासून जास्तच. आणि कुणीतरी एकजण हमखास म्हणतोच, आपल्या खडकीच्या धनराजला का नाही विचारत. धनराज पिल्लेबद्दल मला पण तेवढंच प्रेम आहे, पण भारी खेळलेला माणूस भारी कोच होतोच असं नाही, ते काम वेगळं आहे. श्रीजेशला ज्युनिअरकडे अजून चार वर्षं राहू द्या, तिथं त्याची जास्त गरज आहे.

मला स्वतःला विचाराल तर मी काकांच्या बाजूची आहे, पण कारण देशी-विदेशी हे नाही. टोकियो ऑलिम्पिक आठवा. मारिनच्या टीमने पहिल्या तीन मॅच हरल्या होत्या, नेदरलँड्सकडून ५-१, जर्मनीकडून २-०, ब्रिटनकडून ४-१. तेव्हा ह्याच हॉटेलात मतदान घेतलं असतं तर त्याला त्याच रात्री घरी पाठवलं असतं. मग आयर्लंडला १-०, साउथ आफ्रिकेला ४-३ ज्यात वंदना कटारियाची हॅटट्रिक, आणि क्वार्टर फायनलला गुरजीतच्या एका गोलवर ऑस्ट्रेलिया आउट! ब्राँझची मॅच ब्रिटनशी ४-३ ने गेली, चौथा नंबर, पण ऑलिम्पिकला आपल्या पोरी त्याच्यावर कधीच गेल्या नव्हत्या. तीन हारांनंतर माणूस बदलला असता तर ह्यातलं काहीच बघायला मिळालं नसतं.

पुरुषांचं पण तेच. जूनच्या त्या सात हारांत सहा मॅच एकेका गोलने गेल्यात, फक्त बेल्जियमची ६-३ होती, आणि तरी अर्धं हॉटेल पुरुषांच्या कोचला, क्रेग फुल्टनला, काढा म्हणत होतं, पॅरिसचं ब्राँझ आणून वर्ष झालं नव्हतं तरी. सप्टेंबरला त्याच माणसाच्या टीमने राजगीरला कोरियाला ४-१ हरवून आशिया कप घेतला आणि वर्ल्डकपचं तिकीट काढलं. आपण २०१३ ते २०१८ मध्ये टेरी वॉल्श, पॉल व्हॅन आस, ऑल्टमन्स, मारिन, हरेंद्र एवढे कोच बघितले, व्हॅन आस तर काही महिन्यांत गेला, एवढ्या बदलात कुठली टीम बसणार हो. ग्रॅहम रीडला २०१९ पासून वेळ दिला तर ४१ वर्षांनी ऑलिम्पिक मेडल आलं. मी हे अण्णांना प्रत्येक वेळी सांगते आणि ते म्हणतात ताई तुमचं बरोबर आहे पण भाषेचं काय. भाषेचा मुद्दा मला पण पटतो, त्यावर उपाय म्हणजे बेंचवर आपली माजी खेळाडू असिस्टंट ठेवा, हेड कोच कशाला बदलायचा.

फिटनेसवर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. टोकियोच्या वेळी टीमचा फिटनेस बघणारा वेन लोंबार्ड मारिनबरोबर परत आलाय ही मला मारिनपेक्षा मोठी बातमी वाटते, कारण चौथ्या क्वार्टरला आपल्या पोरींचे पाय जड होतात हे टीव्हीवर पण दिसतं.

ह्या हॉटेलात बसून खेळ कसा कळतो त्याचं एकच सांगते. मुलीने विचारलं की आपले पेनल्टी कॉर्नर (गोललाइनवरून ढकललेला बॉल डीच्या बाहेर अडवून गोलवर मारायचा) वाया का जातात. काकांनी टेबल पुसून घेतलं, चटणीची वाटी गोल म्हणून ठेवली, तिच्याजवळ पाच रिकामे ग्लास म्हणजे बचाव करणाऱ्या, गोलकीपर धरून, आणि बाटलीचं झाकण म्हणजे बॉल. झाकण ढकललं, दुसऱ्या हाताने अडवलं आणि मुद्दाम एक बोट पुढं सरकू दिलं. "बघ बाळा, इथं बॉल एवढा उडाला की फ्लिक मारणारीला पाऊल बदलावं लागतं, आणि तोपर्यंत ही पळत येणारी पहिली इथं पोचली." एक ग्लास सरळ झाकणासमोर आणून ठेवला. तिला दाखवलं की पळणारीने कुठल्या बाजूने यायचं म्हणजे स्टिक पण आडवी येते आणि गोलकीपरला बॉल पण दिसतो. फ्लिक मारणारीला सगळे शिव्या देतात, अडवणारीकडे कुणी बघत नाही असं काका म्हणाले. तिच्या सरांनी पण पुढच्या प्रॅक्टिसला तिला पहिली पळायला लावलं. काकू मागून ओरडत होत्या की ग्लास फोडाल, पण ग्लास काढून नाही घेतले.

अर्धा स्टार कापलाय तो नेटसाठी. स्ट्रीमिंग मागं पडतं, पोरांच्या मोबाईलवर गोल आधी होतो आणि आपल्याला टीव्हीवर अजून बॉल मिडफिल्डला दिसत असतो. मालकांना सांगितलंय, चांगलं कनेक्शन घ्या, वाटल्यास मॅचच्या दिवशी चहाला दोन रुपये जास्त लावा, आम्ही देऊ. दुसरं म्हणजे टीव्हीखालचा पंखा कडकड वाजतो आणि कॉमेंट्री ऐकू येत नाही. आणि बाथरूमला लाइट लावा प्लीज.

पार्किंगचं नव्या पेठेत सगळ्यांनाच माहितीये, गाडी पार्क चौकाच्या बाजूला लावून चालत या, संध्याकाळी आत घालूच नका.

मार्च २०२६ मध्ये पोरींची वर्ल्डकप क्वालिफायर हैदराबादला आहे. काका, अण्णा आणि आम्ही मायलेकी एक मॅच प्रत्यक्ष बघायला जायचं ठरवतोय, हुसेनसागर एक्स्प्रेसची चौकशी चालू आहे, कुणाला यायचं असेल तर काउंटरवर काकूंकडे नाव द्या. बाकीच्या मॅच इथंच लागणार आहेत, टीव्हीसमोरची टेबलं फक्त चारच आहेत त्यामुळे अर्धा तास आधी या, आणि भाकरीची प्लेट आल्या आल्या सांगून ठेवा, मॅच सुरू झाली की आतला पोरगा पण बाहेर येऊन उभा राहतो.