बोटीच्या इंजिनाचं ऑइल कुठे चेक करायचं: घरी ट्रेलरवर की रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या पाण्यात?
भाऊ, फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन) आहे ना तुझं? घरी बघितलं तर घाई नसते, डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) फडक्यानं पुसून दोनदा घालून बघता येते, पण इंजिन वर उचललेलं असलं की रीडिंग चुकतं, ते खाली करून अगदी उभं पाहिजे अन् ट्रेलरही सपाट जागेवर (मी एकदा उतारावर बघून वरून ओतलं, मग जास्तीचं काढत बसलो). पाण्यात बोट सपाट बसते खरी, पण डुलते, अन् सांडलं तर थेट तलावात. ऑइल दुधाळ दिसलं म्हणजे पाणी शिरलंय, ते रामटेकपर्यंत ट्रेलर ओढून नेल्यावर कळण्यात काय मजा? अंगण सपाट असेल तर घरीच बघ. गल्लीच उताराची असेल तर मग पाण्यात, इंजिन बंद करून ऑइल खाली उतरू दे आधी.