विमानतळ ते नाशिकचं रिसॉर्ट, लहान मुलांसह: ओझर, मुंबईहून टॅक्सी की रेल्वे?

विमानाचं तिकीट काढण्याआधी रिसॉर्ट नकाशावर शोधा. ‘नाशिकचं रिसॉर्ट’ गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला असू शकतं, त्र्यंबक रोडला असू शकतं, नाहीतर थेट इगतपुरीला, म्हणजे नाशिकच्या सुमारे ४५ किलोमीटर अलीकडे मुंबईच्या बाजूला. निम्मा निर्णय इथेच होतो. ओझरला, म्हणजे नाशिकच्या विमानतळावर, उतरून इगतपुरीला जायचं तर आधी नाशिक गाठायचं, ते ओलांडायचं आणि मग मुंबईच्या दिशेने निघायचं. त्यापेक्षा इगतपुरीसाठी मुंबई विमानतळच सोयीचा.

रिसॉर्ट गंगापूर किंवा त्र्यंबक रोडला असेल आणि तुमच्या गावाहून ओझरला थेट विमान असेल, तर पुढचे पर्याय वाचायचीही गरज नाही. ओझर शहरापासून २० किलोमीटरवर आहे, घाट नाही, आणि विमानतळ छोटा असल्याने पेंगुळलेल्या मुलाला घेऊन लांब चालावं लागत नाही. उणीव एकच: विमानं मोजकी. एक रद्द झालं तर पुढचं कदाचित दुसऱ्या दिवशीच. शिवाय बाहेर टॅक्सी मिळेलच या भरवशावर राहू नका. रिसॉर्टला फ्लाइट नंबर कळवून गाडी आधीच ठरवा. मात्र ओझरसाठी मध्ये विमान बदलावं लागत असेल तर हा फायदा उरत नाही. लहान मुलांसोबत किती तास लागतात त्यापेक्षा किती वेळा चढ-उतार होते, ते जास्त दमवतं.

मुंबईहून टॅक्सी केली तर मुलं आणि सामान एकदाच गाडीत चढवायचं. नाशिक साधारण १६५ ते १७० किलोमीटर. चार तास धरून चाला, पण संध्याकाळी ठाणे-भिवंडी पट्ट्यात अडकलात तर पाचही कमी पडतात. पुढे दोन रस्ते आहेत. जुन्या महामार्गाने गेलात तर कसारा घाट लागतो, पण शहापूर, खर्डीकडे खाण्याची आणि शौचालयाची सोय मिळते. समृद्धी महामार्गाने गेलात तर भिवंडीजवळचं आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा, ५ जून २०२५ ला सुरू झालेला टप्पा लागतो. घाटाच्या जागी सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे. गाडी लागणाऱ्या मुलासाठी समृद्धीच बरी. फक्त मुलांना शू-शी आमण्याच्या आधीच उरकून घ्यायला लावा, कारण मध्ये थांबण्याच्या सोयी विरळ आहेत आणि कडेला गाडी उभी करणं धोक्याचं. इगतपुरीपासून नाशिकपर्यंत पुन्हा जुनाच महामार्ग आहे.

गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांनंतर वाढतो आणि बारापर्यंत जास्त असतो. मुलाच्या हातात मोबाइल दिला की डोळे स्थिर आणि शरीर हलतंय, अशी गडबड होते आणि उलटी ठरलेलीच. निघण्यापूर्वी दूध पोटभर नको, कोरडं आणि थोडंच द्या. प्लास्टिकची पिशवी आणि बदलायचे कपडे डिकीत नकोत, पायाशी हवेत.

डिकीचंही आधी विचारून घ्या. सीएनजी गाडीत सिलिंडरनेच बरीच जागा खाल्लेली असते. दोन मोठ्या बॅगांवर प्रॅम बसत नाही. सीएनजी भरायची रांग लागली तर झोपलेल्या मुलाला उठवून सगळ्यांना खाली उतरावं लागतं. म्हणून पेट्रोल किंवा डिझेल गाडी मागा, नाहीतर टाकी भरूनच यायला सांगा. भाडं ठरवताना टोल, पार्किंग, रात्रीचा आकार आणि परतीचं रिकामं भाडं त्यात धरलंय का, ते मेसेजवर लिहून घ्या.

चाइल्ड सीट टॅक्सीत सहसा नसते; तुमची असेल तर सोबत आणा. मागच्या सीटवर कव्हर चढवलेलं असतं आणि पट्ट्याचं बकल त्याखाली दबलेलं असतं. सामान चढवण्याआधीच ड्रायव्हरकडून ते वर काढून घ्या. मूल मांडीवर घेऊन एकच पट्टा दोघांना लावू नका. जोरात ब्रेक लागला तर मोठ्या माणसाचा सगळा भार मुलावर येतो. १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर कायद्याने १,००० रुपये दंडही आहे.

रेल्वे स्वस्त आणि मुलांना मोकळं बसता येतं. सीएसएमटीहून वंदे भारत नाशिक रोडला पावणेतीन तासांच्या आसपास पोचते: सकाळी शिर्डीची, दुपारी नांदेडची. अडचण विमान आणि गाडी यांचा मेळ घालण्यात आहे. विमान उशिरा आलं आणि गाडी चुकली तर तिकिटाचे पैसे गेले. उतरल्यापासून किमान चार तास हातात ठेवा. दादर किंवा ठाणे जवळ पडतं, पण तिथे गाडी मोजकी मिनिटं थांबते. दोन मुलं, तीन बॅगा आणि प्रॅम घेऊन चढताना तारांबळ उडते. लांब पडलं तरी सीएसएमटीलाच बसा, तिथून गाडी सुटत असल्याने चढायला वेळ मिळतो. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण सीटही मिळत नाही. सीट हवी असेल तर पूर्ण भाडं. नाशिक रोडहून गंगापूर धरणाकडे जायचं तर शहर ओलांडावं लागतं, तेव्हा तिथेही टॅक्सी ठरवून ठेवा. इगतपुरीच्या रिसॉर्टसाठी वंदे भारत उपयोगाची नाही, ती तिथे थांबत नाही, पंचवटी एक्सप्रेस थांबते.

शिर्डीचा विमानतळ काकडी गावात आहे. तिथून समृद्धीने इगतपुरी गाठणं सोपं पडतं, त्यामुळे तिथलं विमान सोयीचं असेल तर जरूर विचार करा. पुणे मात्र टाळा. २०० किलोमीटरहून जास्त अंतर आणि वाटेत चाकणची कोंडी.

विमान रात्री उशिरा मुंबईला पोचत असेल तर त्याच रात्री निघू नका, विशेषतः पावसाळ्यात. घाटात धुकं असतं आणि चालकही दमलेला असतो. विमानतळाजवळ मुक्काम करून सकाळी सातच्या आत निघा. सकाळी निघालात की दुपारच्या आत पोचाल, आणि बऱ्याच रिसॉर्टमध्ये खोली दुपारी दोनलाच मिळते. आदल्या दिवशी फोन करून खोली लवकर मिळेल का विचारा. नाही म्हणाले तर निदान मुलांना आंघोळ घालायला आणि झोपवायला जागा द्यायला सांगा.