ठाण्यात नौपाड्यातलं हाडांचं क्लिनिक, हात बधिर असेल तर इथे नक्की दाखवा
माझा भाचा तलावपाळीजवळ स्कूटरवरून पडला, कोपर आपटलं आणि करंगळी नि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं, सूज फार नव्हती पण मुंग्या काही जाईनात म्हणून इथे आणलं. डॉक्टरांनी एक्स-रेच्या आधी मनगटाची नाडी बघितली, बोटं फाकवायला लावली, कुठे स्पर्श कळतोय कुठे नाही ते तपासलं, मग म्हणाले फ्रॅक्चर नाहीये, कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी अल्नर नस (म्हणजे रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू) दुखावलीये. इतकं नीट समजावणारे डॉक्टर खरंच कमी भेटतात हो! त्यांनी हेही बजावलं की हात गार किंवा पांढरा-निळा पडला, बोटं हलेनात, हात वाकडा दिसला किंवा सूज टणक होऊन दुखणं वाढतच गेलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठायची. आणि मार न लागताच अचानक एका बाजूचा हात बधिर, तोंड वाकडं, बोलताना अडखळतंय असं दिसलं तर लगेच १०८ ला फोन. पार्किंग नाही, संध्याकाळी गर्दी असते, पण रिसेप्शनवर बधिरपणा आहे म्हणून सांगा, लवकर आत सोडतात.